उलटा पीळ

छापखान्यात तिला सगळे प्रूफबाई म्हणायचे. सत्तावीस वर्षं ती खिडकीजवळच्या एकाच टेबलाशी बसून दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचत आली होती आणि त्यातल्या चुकांवर लाल खुणा करत आली होती. पाठ्यपुस्तकं असोत, औषधांची माहितीपत्रकं असोत, नाहीतर बँकेचे अहवाल, तिच्या नजरेतून अनुस्वारसुद्धा निसटत नसे. मालक त्यावर खूश होता. घरच्यांना मात्र या नजरेचा जाचच होता, कारण दिसलेली चूक पोटात ठेवणं तिला जमायचं नाही. हॉटेलच्या फळ्यावर ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं असलं तर पाणी ठेवायला आलेल्या माणसाला ती आधी ते सांगायची, मग चहा मागवायची. "तुझ्या डोळ्याला दिसलं की ते थेट जिभेवर येतं. मध्ये कुठं थांबाच नाही," असं तिचा नवरा म्हणायचा.

सूत कातायचा नादही तिला प्रुफांतूनच लागला. आठ वर्षांपूर्वी हातकताईवरचं एक पुस्तक छपाईला आलं होतं. पहिलं प्रूफ तिनं नेहमीसारखं वाचलं. दुसऱ्या वेळी पीळ म्हणजे काय ते डोक्यात शिरलं. तिसऱ्या वेळी हात शिवशिवायला लागले. त्या संध्याकाळी तिनं पेन्सिलीला मोडक्या खेळण्याचं चाक बसवून टकळी केली, उशीतला कापूस काढला आणि असा काही धागा काढला की नवऱ्यानं विचारलं, हे पार्सल बांधायला आहे का. आता घरात दोन चरखे होते, अकरा टकळ्या होत्या, आणि कपाटात लोकर राहायला आल्यापासून कपडे खुर्चीवर राहत होते.

वर्षातून एकदा शहराच्या टोकाला, खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये धाग्यांचा मेळा भरायचा. शनिवार आणि रविवार, दोनच दिवस. प्रूफबाई त्या दोन दिवसांसाठी वर्षभर रजा राखून ठेवायची. सोबतीला नणंद असायची. नणंदेला कातण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घरी बसून भिंती बघण्यापेक्षा माणसं बघितलेली बरी, असं तिचं म्हणणं होतं.

त्या वर्षी रविवारी दोघी सकाळीच पोहोचल्या. हॉलच्या जमिनीवर खेळाच्या मैदानाचे पांढरे पट्टे होते आणि त्यांवर ओळीनं टेबलं मांडली होती. दारातून आत पाऊल टाकलं की न धुतलेल्या लोकरीचा तेलकट, उबदार वास यायचा. प्रूफबाईला त्या वासानंच निम्मं पोट भरल्यासारखं व्हायचं. नणंद नाकाला रुमाल लावायची.

"यापेक्षा मेंढीच घरात बांध, वहिनी," ती म्हणाली. "निदान बोलेल तरी कुणाशी."

"तुम्ही आहात की बोलायला, ताई."

"म्हणजे मला मेंढीच्या जागी धरलंस होय?"

गोण्यांत हात घालत, रंगीत लोकरीचे पुंजके गालाला लावून बघत, नव्या चरख्यांची चाकं फिरवत प्रूफबाईनं दोन तास काढले. मग ती कोपऱ्यातल्या गोल मांडलेल्या खुर्च्यांकडे गेली. तिथं कुणीही येऊन कातत बसावं, अशी दर वर्षीची रीत होती. पिशवीतून टकळी काढून ती बसली. तिच्या बाजूची खुर्ची रिकामी होती. नणंद चहा बघायला गेली.

थोड्या वेळानं एक साठीला आलेला माणूस टेबलांमधून वाट काढत तिकडे आला. अंगात बसचालकाचा गणवेश होता, फक्त छातीवरचा बिल्ला काढलेला. हातात कापडी पिशवी होती आणि ती त्यानं पोटाशी धरली होती. दोन-तीन टेबलांवर त्यानं काहीतरी विचारलेलं प्रूफबाईनं बघितलं होतं. प्रत्येकानं त्याला या खुर्च्यांकडे बोट दाखवलं होतं.

"बाई, तुम्हाला यातलं कळतं का?" त्यानं उभ्याउभ्याच विचारलं.

"थोडंफार. बसा ना."

तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. पिशवीतून टॉवेलची गुंडाळी काढून त्यानं ती मांडीवर उलगडली. आत एक टकळी होती, वापरून वापरून गुळगुळीत झालेली, आणि तिच्यावर करड्या लोकरीचा धागा पोटभर गुंडाळलेला होता.

"माझ्या बायकोची," तो म्हणाला. "चार महिने झाले तिला जाऊन. कपाट आवरताना सापडली. याचं काही करता येईल का? मफलर म्हणा, काहीही. नाहीतर निदान हा धागा न तोडता काढून द्या. मी ओढायला गेलो तर गुंता व्हायला लागला, म्हणून सोडून दिलं."

प्रूफबाईनं टकळी हातात घेतली आणि जराशी फिरवून बघितली. लाकूड चांगलं होतं. गुंडाळायची पद्धतही जाणत्या हाताची वाटत होती, निदान खालच्या थरांत.

"काढून देते," ती म्हणाली. "तुम्ही दोन्ही हात असे पुढं धरा. मी त्यांच्यावर वेढे घेऊन धाग्याची गुंडी करते. हलू नका मात्र."

त्यानं आज्ञाधारकपणे हात पुढं केले, तळवे समोरासमोर. प्रूफबाईनं वरचं टोक शोधलं, त्याच्या अंगठ्याला सैलसं अडकवलं आणि त्याच्या दोन्ही हातांभोवती धागा गुंडाळायला लागली. तोंडानं ती वेढे मोजत होती, ही तिची सवय होती.

धागा नीट नव्हता. बोटाइतका जाड, मग एकदम केसासारखा बारीक, मध्येच पीळ सुटलेला. तीस-चाळीस वेढे झाल्यावर ती हळूच म्हणाली, "शेवटी शेवटी हात थकले असतील त्यांचे."

"हो," तो म्हणाला. "वीस वर्षं कातत होती. पण शेवटचे चार महिने अंथरुणातच होती. पाण्याचा पेला धरवत नव्हता तिला. मी पहाटे ड्युटीवर जायचो, दुपारी दोनला परत यायचो. तेवढा वेळ शेजारीण डोकावून जायची." जरा थांबून तो पुढं म्हणाला, "टकळी तिच्या हातात मी बघितली नाही त्या दिवसांत. मला वाटलं, सोडूनच दिलं असेल."

प्रूफबाई मान हलवत राहिली आणि वेढे मोजत राहिली. एकशे ऐंशीव्या वेढ्याला बोटांना गाठ लागली. बारीक, घट्ट, दोन्ही टोकं नीट दडवलेली गाठ. तिच्या पुढचा धागा बोटांतून सरकायला लागला तसा तिचा हात आपोआप थांबला. हा धागा वेगळाच होता. सरळ, सारखा, दिसत होता तिथवर एका मापाचा. तिनं तो डोळ्यांजवळ नेला. मग गाठीच्या अलीकडचा धागा डोळ्यांजवळ नेला. छापखान्यात दोन पानांवर एकच शब्द दोन तऱ्हांनी दिसला की ती जशी बोलून जायची, तशीच बोलून गेली.

"हे दोन माणसांचं आहे."

"काय?"

"इथं गाठ आहे बघा. याच्या आतला धागा तुमच्या बायकोचा असणार. याचा पीळ उजवीकडे जातो, सगळ्यांचा जातो तसा. आणि वरचा, मघाशी काढला तो, उलटा. डाव्या हातानं टकळी फिरवली की असा पीळ पडतो. तो त्यांचा नाहीच. कुणीतरी नवशिकं होतं, आणि डावखुरं."

बोलून झाल्यावर तिनं वर बघितलं. बसचालकाचा चेहरा पांढरा पडला होता. हात मात्र तसेच पुढं धरलेले होते, धाग्यात गुंतलेले.

बाजूची एक बाई चरखा चालवत होती, त्याच्या चाकाचा आवाज तेवढा येत होता.

"माझी मुलगी डावखुरी आहे," शेवटी तो म्हणाला.

प्रूफबाईला तेव्हा कळलं की आपण चुकीच्या पानावर खूण केली आहे. पण आता ती पुसायची सोय नव्हती.

त्यानंच मग सांगितलं. नजर धाग्यावर ठेवून, थांबत थांबत. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या बसखाली एक सायकलवाला आला. जीव वाचला, पण पाय गेला तो गेलाच. चौकशी बसली. त्यानं सांगितलं, दिवा हिरवा होता. बसमध्ये त्या दिवशी त्याची मुलगीही होती, कॉलेजातून घरी येत होती, पुढच्याच सीटवर. तिला बोलावलं तेव्हा तिनं सांगितलं, दिवा लाल होता, बाबांनी बघितलं नाही.

"वर्षभर घरी बसवलं मला. मग पुन्हा घेतलं, पण सगळ्यात खालच्या पगारावर. तिला मी म्हटलं, या घराचा उंबरा पुन्हा चढू नकोस. ती गेली. बायकोला म्हटलं, तिचं नाव इथं काढायचं नाही. तिनंही कधी काढलं नाही." त्यानं ओठ चावला. "बायकोला नेलं त्या दिवशी आली होती पोरगी. फाटकापाशी उभी होती. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, आई जिवंत होती तेव्हा फिरकली नाही, आता तमाशा बघायला आली. तिनं ऐकलं. काही बोलली नाही. निघून गेली."

त्याच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. हात बांधलेले, त्यामुळे पुसताही येईना. तो खांद्याला गाल घासायला बघत होता, तेवढ्यात नणंद दोन पेले चहा घेऊन आली. तिनं एकदा वहिनीकडे बघितलं, एकदा त्या परक्या माणसाकडे. पेले खुर्चीवर ठेवले, कमरेचा रुमाल काढला आणि लहान मुलाचं पुसावं तसं त्याचं तोंड पुसून दिलं.

"बसा शांत," एवढंच ती म्हणाली.

तो जरा सावरल्यावर त्यानं विचारलं, "बाई, हे वरचं, तिचं जे आहे, ते कातायला किती दिवस लागले असतील?"

आता थापही मारता आली असती. पण प्रूफबाईला ते येत नव्हतं.

"एकशे ऐंशी वेढे आहेत," ती म्हणाली. "साधारण तेवढेच मीटर. अगदी नव्या माणसाचा धागा सारखा तुटतो. तासाला चार-पाच मीटर झाला तरी खूप. रोज तासभर म्हटलं, तर चाळीस एक दिवस तरी."

"चाळीस दिवस," तो म्हणाला. "मी ड्युटीवर असताना."

"असेल."

"आणि ही गाठ?"

"ती जुन्या हाताची आहे. नवशिक्याला अशी जमत नाही."

"म्हणजे तिनं मारून दिली. पेला धरवत नव्हता तिला." तो त्या गाठीकडे बघत राहिला. "एकाच टकळीवर कातायला दिलं तिनं पोरीला. कधीतरी माझ्या हाती लागेल म्हणून दिलं असेल का?"

"ते मला नाही सांगता येणार," प्रूफबाई म्हणाली. "धाग्यात एवढंच दिसतं."

तिनं उरलेला धागा गुंडाळून घेतला. दोन उलट्या पिळांचे धागे एकत्र विणले तर विणकाम वाकडं जातं, म्हणून गाठीपाशी कापून दोन गुंड्या केलेल्या बऱ्या, असं ती सांगणार होती. कात्री पिशवीतून बाहेरही आली होती. तिनं ती परत आत टाकली. चार ठिकाणी दोरा बांधून तिनं एकच गुंडी केली आणि त्याचे हात मोकळे केले.

"कोमट पाण्यात भिजवून वाळत घाला. खाली थोडं वजन लटकवा, म्हणजे पीळ बसेल," ती म्हणाली. त्याच्या लक्षात राहणार नाही असं वाटून तिनं ते छापखान्याच्या चिठ्ठीवर लिहून दिलं.

चिठ्ठी खिशात घालून तो उठला. दोन पावलं जाऊन परत वळला.

"ती खरं बोलली होती," तो म्हणाला. "दिवा लालच होता. मला तेव्हाही ठाऊक होतं."

मग तो टेबलांमधून वाट काढत निघून गेला. चहा तसाच राहिला.

परतीच्या बसमध्ये नणंद बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "वहिनी, दिसलं म्हणून प्रत्येक वेळी सांगायलाच हवं का गं?"

त्या वर्षी तिनं मेळ्यातून काहीही विकत आणलं नव्हतं, हे तिला घरी पोहोचल्यावर कळलं. नंतरचे कितीतरी दिवस तिला टकळी हातात घ्यावीशी वाटली नाही. वाचतानाही एक-दोन चुका निसटल्या. मालकानं विचारलं, तब्येत बरी आहे ना.

महिन्याभरानं, एका मंगळवारी दुपारी, छापखान्याच्या शिपायानं येऊन सांगितलं की कुणीतरी भेटायला आलंय. तिशीतली एक मुलगी दारात उभी होती. डोळ्यांखाली काळं, केस घट्ट बांधलेले. तिच्या हातात ती करडी गुंडी होती, धुऊन वाळवलेली, आणि तिला प्रूफबाईचीच चिठ्ठी अडकवलेली होती.

"हे माझ्या दाराच्या कडीला लटकवलेलं होतं," मुलगी म्हणाली. "सोबत काही नाही, फक्त ही चिठ्ठी. वर छापखान्याचा पत्ता होता, म्हणून आले. काकू, हे तुम्ही लिहिलंय का?"

"हो. बस."

प्रूफबाईनं समोरची खुर्ची रिकामी केली, त्यावरचे प्रुफांचे गठ्ठे जमिनीवर ठेवले. मुलगी बसली. गुंडी मांडीवर धरून तिनं गाठ शोधली, एका बोटानं, सवयीनं.

"बाबांनी काही सांगितलं का तुम्हाला?"

या वेळी प्रूफबाई थांबली. पोरगी किती वाट बघत आली असेल, हे तिला दिसत होतं. चार गोड शब्द आपल्या पदरचे घालावेत, असंही मनात आलं. पण मग ती जे झालं तेवढंच बोलली.

"कुणी कातलंय ते मी ओळखलं, ते त्यांना माझ्याकडून कळलं. किती दिवस लागले असतील, ते त्यांनी विचारलं. मी चाळीस म्हटलं."

"त्रेचाळीस," मुलगी म्हणाली.

"आणि जाताना म्हणाले, ती खरं बोलली होती. दिवा लालच होता, आणि त्यांना तेव्हाही ठाऊक होतं."

मुलीनं मान खाली घातली. शेजारच्या खोलीत छपाईयंत्र चालू होतं आणि टेबलावरची टाचणीची डबी त्याच्याबरोबर थरथरत होती. मुलगी म्हणाली, "आणखी?"

"आणखी काही नाही म्हणाले."

"आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उलटी फिरवतेस म्हणून," ती म्हणाली. "मी बदलायला गेले तर म्हणाली, राहू दे, तुझा हात तसा आहे तर तसंच कात. बोलायला त्रास व्हायचा तिला. म्हणून आम्ही कातत बसायचो. बाबांची यायची वेळ झाली की मी मागच्या जिन्यानं उतरायचे." तिनं डोळे पुसले. "मला वाटायचं एक दिवस भेटावेत ते जिन्यावर. आणि रोज पाय न वाजवता उतरायचे."

प्रूफबाईनं पाण्याचा पेला पुढं केला.

निघताना मुलीनं विचारलं, आईकडची थोडी लोकर आपल्यापाशी राहिली आहे, पण तिच्यामागे धागा जमत नाही, सारखा तुटतो. शिकवाल का? प्रूफबाईनं रविवारी घरी यायला सांगितलं.

ती येऊ लागली. नणंदही मुद्दाम रविवारी येऊ लागली, आपण सहज आलो असं दाखवत. मुलीचा हात हळूहळू बसायला लागला, पीळ उलटाच, पण सारखा. वडिलांचं नाव कुणी काढत नव्हतं. पाचव्या रविवारी नणंद खिडकीत उभी राहून वाळत घातलेली लोकर उलटवत होती. ती म्हणाली, "तो मेळ्यातला माणूस खाली उभा आहे. समोरच्या झाडाखाली."

मुलीची टकळी थांबली. "सोडायला आलेत," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात मी गेले होते घरी. फार काही बोललो नाही. आजही तिथूनच निघाले, तर म्हणाले, बसथांब्यापर्यंत येतो. मग बसमध्येच चढले."

"आणि तिथंच उभे राहणार?"

"वर येणार नाही म्हणाले."

नणंदेनं चपला पायात सरकवल्या आणि कुणाला काही न विचारता जिना उतरून गेली. खाली काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. पाचेक मिनिटांनी ती वर आली तेव्हा तिच्या मागं बसचालक होता. सुट्टीचा दिवस, साधा शर्ट, डोक्याला तेल लावून विंचरलेलं. तो दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसला, मेळ्यात बसला होता तसाच. प्रूफबाईनं त्याला चहा दिला. त्यानं या वेळी तो घेतला.

मुलगी कातत राहिली. डाव्या हातानं टकळीला गिरकी द्यायची, उजव्या हातानं लोकर सोडायची. एकदा धागा तुटला, तिनं तो जोडला. बसचालक बघत होता. आयुष्यभर रस्त्याकडे बघितलेले ते डोळे त्या फिरणाऱ्या लाकडावरून हलत नव्हते.

"हात दुखतो का?" त्यानं विचारलं.

"पहिल्यांदा दुखायचा," मुलगी म्हणाली. "आता नाही."

त्यानं मान हलवली. मग खुर्ची थोडी पुढं ओढली आणि नीट, पाठ टेकून बसला.